टोपीत उरलेला एकच शिंपला

मित्रांनो, माझ्या या विटक्या लोकरीकडे बघून नाक मुरडू नका. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात मी टाइग म्हाताऱ्याची टोपी होते. टाइग गावाचा म्होरक्या, त्यामुळे त्याच्या डोक्यावर मला मान होताच. पण माझा खरा मान तीन वर्षांतून एकदा, डोक्यावरून खाली उतरल्यावर असे.

गावात घरं नऊ आणि जमीन सगळ्यांची मिळून एक. ओढ्याकाठची काळी माती सगळ्यांना हवी, डोंगरउतारावरची खडकाळ कुणालाच नको. म्हणून दर तीन वर्षांनी वसंतात सोडत व्हायची. प्रत्येक घर आपली खूण माझ्यात टाकी. फेलिमची लाकडाची ढलपी, विधवा सोरखाचा शिंपला. टाइग डोळे मिटून एकेक खूण काढी आणि तशा पट्ट्या वाटल्या जात. ज्याच्या वाट्याला खडक येई तो चार शिव्या हासडून गप्प बसे, कारण पुढची सोडत असायचीच. पट्ट्यांच्या मधे नुसते गवताचे बांध होते, भिंत कुठेच नव्हती. याचं सगळं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःलाच देत असे.

मग जमीन मोजायची साखळी घेऊन सरकारी मोजणीदार आला. आता प्रत्येकाला एक सलग तुकडा, स्वतःच्या मालकीचा, कायमचा, असं त्याने सांगितलं. 'कायमचा' हे सगळ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. पण तीन वर्षांपलीकडे एकाच घराकडे राहिलेली जमीन आमच्यात कुणी पाहिलीच नव्हती. कुठला तुकडा कुणाला हे ठरवायला टाइगने हट्टाने मलाच पुढे केलं. मोजणीदारानेही हसून मान डोलावली.

ओढ्याकाठ सोरखाला गेला, उतार फेलिमला. त्या हिवाळ्यात फेलिमचा पाय मोडला होता. खताचं समुद्रशेवाळ पाठीवर घेऊन तिथवर चढायचं कसं, या काळजीने तो कुबड्यांवर उभा राहून नुसता वर बघत होता.

"तोंड काय पाडतोस?" सोरखा म्हणाली. "माझं घे. मी चढेन वर. पुढच्या सोडतीला बघू."

"मी विसरणार नाही, सोरखा."

"विसरलास तर टोपी देईल की आठवण करून."

सगळे हसले. मोजणीदाराने कागदावर नावं बदलली आणि दोघांनी सहीच्या जागी फुल्या मारल्या.

फेलिमचा पाय बरा झाला. सोरखा आणि तिच्या दोन मुली उतारावरचे दगड उपसून खाली लोटत राहिल्या. बटाटे मात्र अंगठ्याएवढेच निघत, तिघींना पुरत नसत. सोडतीपर्यंत कळ काढा, असं ती मुलींना सांगे.

तिसऱ्या वसंतात टाइगने मला हातात उलटं धरलं. सोरखाने शिंपला टाकला. मी पुढच्या खुणेची वाट पाहिली. काहीच पडलं नाही. मित्रांनो, मी हादरले. असं कधी झालंच नव्हतं.

टाइगने फेलिमकडे पाहिलं. फेलिम पायाशी बघत म्हणाला, "कागदावर माझं नाव आहे, काका. आणि भिंतही घालून झालीय."

ती भिंत मला दिसली. छातीएवढी होती, आणि सोरखाने खाली लोटलेल्या दगडांचीच होती. बाकीचेही मान खाली घालून उभे राहिले.

टाइगने तरीही डोळे मिटले. हात घालून नेहमीसारखं ढवळलं आणि शिंपला काढला. "ओढ्याकाठ सोरखाला," तो म्हणाला. कुणी जागचं हललं नाही. त्याने शिंपला परत माझ्यात ठेवला आणि मला पुन्हा कधी डोक्यावर घातलं नाही.

मित्रांनो, मला कसर लागली तरी चालेल, पण तो शिंपला फेकू नका. आणि कुणी आपल्या वाट्याचं चांगलं तुम्हाला देऊ लागलं, तर ते परत कधी करायचं हे आधी विचारा. सोरखाने आठवण करून द्यायचं काम माझ्यावर टाकलं होतं. ते मी अजून करते आहे.