तीनदा मंजूर झालेली टाकी

आमच्या समूहाचे चार साखर कारखाने, एक डिस्टिलरी, दोन हजारांवर माणसं, आणि साधा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जायला आठवडा. म्हणून आमचे कार्यकारी संचालक विश्वेश्वरसाहेब यांनी ठरवलं की अर्ज, सह्या, मंजुऱ्या सगळं सॉफ्टवेअरवर न्यायचं. तीन कंपन्या बोलावल्या. त्यांची तुलना करून तक्ता बनवायचं काम आलं कार्यालय अधीक्षक शिवकन्याबाईंवर, म्हणजे माझ्यावर. दुसरं कोण सापडणार?

चाचणीला तिघांनाही एकच अर्ज द्यायचा होता. कौशल्याबाईंचा हाताशी होता. नेकनूरकडून आलेल्या ऊसतोड टोळीत त्यांचा शब्द चालतो. कारखान्यामागच्या चाळीस कोप्यांना, म्हणजे टोळीच्या झोपड्यांना, पिण्याच्या पाण्याची टाकी द्या, एवढंच मागणं. टाकी नवीकोरी, स्टोअरमध्ये पडून. अर्ज मात्र तेवीस दिवस फिरत होता आणि प्रत्येक टेबलावर त्याच्यावर एकच शेरा पडत होता: 'चर्चा करावी.' कुणी कुणाशी करायची, हे वीस वर्षांत मला कळलेलं नाही. शेरा मारला की कागद आपल्या अंगावरून गेला, बस्स.

पहिल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मंजूर' आणि 'नामंजूर' अशी दोनच बटणं. आमचे पाचही खातेप्रमुख बिथरले. 'चर्चा करावी' कुठंय? दुसरीनं ते बटण दिलं, पण कारण लिहिल्याशिवाय ते दाबलंच जाईना. पुन्हा आरडाओरड. तिसरी कंपनी हुशार. बटण दिलं, कारण नको, वर मुदतही नको. सगळे खूश. मी कपाळाला हात लावला. आणि दर वेळी शेवटी कंपनीचा माणूस पाचही साहेबांच्या वतीनं 'मंजूर' दाबून दाखवी. दोन मिनिटांत काम फत्ते, टाळ्या, चहा. खरा कागद तिथंच टेबलावर.

सोमवारी सकाळी कौशल्याबाई ऑफिसात आल्या. मागे सहा-सात बाया, हातात रिकाम्या कळशा.

"म्याडम, टाकी कुठं हाय?"

"मावशी, अजून मंजुरी आली नाही हो."

"आसं कसं? तीनदा आलीय की!" त्यांनी मोबाईल पुढे केला. 'आपला अर्ज मंजूर झाला आहे.' तीन कंपन्यांचे तीन मेसेज. चाचणीत त्यांचा खरा नंबर मीच भरला होता. "शेजारच्या वावरातल्या हरिबाच्या हिरीवर पाणी भरत व्हतो आमी. त्येन्ला सांगून टाकलं, आता आमची टाकी येतीय, लई उपकार झाले. त्येंनी मोटार कांद्याला लावली. दोन दिस झालं, हायवे ओलांडून पाणी आणतोय."

शरमेनं माझी मान वर होईना. नंबरापुरतीच चूक असती तर एक वेळ ठीक होतं. त्या अर्जावरचा पहिला 'चर्चा करावी' माझ्याच अक्षरात होता.

तशीच साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे मेसेज थेट कोपीपर्यंत पोचतात! तिघांत आधी कुणाचा आला? तक्त्यात घाला ते."

"साहेब, आणि पाणी?"

"होईल हो तेही. आधी तक्ता."

माझं डोकं असं सणकलं की तक्ता त्यांच्याच टेबलावर टाकून मी सरळ स्टोअर गाठलं. स्टोअरकीपर सिद्धेश्वर घाबरला.

"म्याडम, मंजुरीबिगर टाकी कशी देऊ? नोकरी जाईल माझी."

"तुझी कशाला जाईल? आण रजिस्टर."

'मंजुरी देणार' या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि सही ठोकली. मला तो अधिकार नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. त्यानं सहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली.

टाकी निघाली, तिच्यामागं कळशा घेऊन बाया निघाल्या. मला भीती वाटत होती. वीस वर्षं त्या खुर्चीत बसून कुणाचं तरी काम मी केलं होतं, ते हे पहिलंच.