मागच्या पाट्याचा बोल्ट

"आग दे त्याला, क्लेम. लालबुंद कर आणि वरून एक हातोडा घाल. बघ कसा मुकाट बाहेर येतो ते," शेडच्या दारात उभा राहून विल्फ म्हणाला.

"आग नाही द्यायची," गाडीखालून आवाज आला.

"मग काय, विनवण्या करणार आहेस त्याच्या?"

जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर उताणा पडून, हातभर लांब दांड्याचा पाना लावून क्लेम ट्रेगेन्झा मागच्या डाव्या पाट्याच्या, म्हणजे चाकावरच्या पट्टीच्या स्प्रिंगच्या, नटाशी झुंजत होता. तीन दिवस तेल पाजूनही नट ढिम्म हलत नव्हता. विल्फ हा त्याचा मेहुणा, बायकोचा, म्हणजे नोरीनचा, धाकटा भाऊ. मोडक्यातोडक्या गाड्या विकत घ्यायच्या आणि नव्या नवरीसारख्या सजवायच्या, हा त्याचा नाद. तोंड मोठं, पण मनाने माणूस चांगला.

"आग दिली तर पत्र्याचा रंग बदलेल. भोक ताणलं जाईल. मग काय कळणार त्यातून?" क्लेम म्हणाला.

हा बोल्ट साधा नाही, हे विल्फलाही ठाऊक होतं.

गाडी मुळात क्लेमच्या वडिलांची. म्हातारा दर रविवारी वॉलारू गावच्या धक्क्यापाशी ती उलटी नेऊन, मागची चाकं बुडेपर्यंत समुद्रात घालायचा आणि खेकडे धरायची बोट पाण्यात सोडायचा. पुढून गाडी धडधाकट होती, पण मागून समुद्राने ती केव्हाच खायला घेतली होती. पुढे ती ब्रेटला मिळाली, क्लेम-नोरीनच्या एकुलत्या एका मुलाला. आणि एका उन्हाळ्यात, भर दुपारी, शेजारच्या कडीना गावाकडे नाकासमोर सरळ जाणाऱ्या रस्त्यावरून ती खाली उतरली आणि कुंपण तोडून झाडावर आदळली. ब्रेट त्यात गेला. बावीस वर्षांचा होता. पोलिसांनी गाडी परत केली, तिच्यावर ताडपत्री पडली, आणि त्यानंतर तिच्याकडे कुणी डोळा वर करून पाहिलं नाही.

आता घर विकायचं ठरलं होतं. इस्पितळाजवळ दोन खोल्यांची जागा घेतली होती, तिथे शेड नव्हती. विल्फ म्हणाला, "भंगारात कशाला देता? दार मिळवलंय, पुढचा पत्रा मिळवलाय, मी उभी करतो तिला." नोरीन नको म्हणेल असं वाटलं होतं, पण ती हो म्हणाली. क्लेमनेही होकार दिला. एवढंच म्हणाला, की डाव्या पाट्याचा बोल्ट मी काढीन, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

कारण तो बोल्ट त्यानेच घातला होता, अपघाताच्या आठवडाभर आधी. पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यातलं झिजलेलं रबर आणि त्याच्या आतली लोखंडी नळी बदलली होती, आणि दोन्हीकडच्या पत्र्यांच्या भोकांतून नवा बोल्ट बसवला होता. या कामाची एक रीत असते. गाडी वर उचललेली असताना नट फक्त हाताने फिरवून ठेवायचा. चाकं जमिनीला टेकली, वजन पाट्यावर आलं, की मग पाना लावून आवळायचा. वरच आवळला तर रबर पिळवटून फाटतं; आणि आवळायचा राहिलाच, तर मागचं चाक सरकून गाडी रस्ता सोडते. क्लेमने गाडी खाली उतरवली, आणि तेवढ्यात घरातला फोन वाजला. धान्याच्या कोठारांवर तो फिटर होता. धक्क्याला जहाज लागलेलं आणि धान्य चढवणारा पट्टा अडकलेला. हात न धुताच तो धावला. पहाटे परत आला तोवर ब्रेट गाडी घेऊन ॲडलेडला गेलासुद्धा होता. तो आठवड्याने रात्री उशिरा परतला, आणि दुसऱ्याच दुपारी ते घडलं.

आवळला होता का? क्लेमने डोकं फोडून घेतलं, पण आठवेना. पान्याचा झटका हाताला आठवत होता, पण तो उजव्या पाट्याचाही असू शकत होता, कारण त्याचाही बोल्ट त्याच दिवशी बदलला होता. चौकशीत साहेबांनी ब्रेक पाहिले, टायर पाहिले, बोल्ट जागेवर आहे एवढं पाहिलं आणि लिहिलं, चालकाला डुलकी लागली असावी. घरी येताना क्लेमने नोरीनला सगळं सांगून टाकलं. ती "बरं" म्हणाली. पुन्हा तो विषय तिच्या तोंडून निघाला नाही. विल्फला मात्र एकदा त्याने दारूच्या भरात सांगितलं होतं.

आणि काल रात्री जेवताना हा विल्फ बोलून गेला होता. "भोक खोटं बोलत नाही. बोल्ट सैल असेल तर आठवडाभरात भोक अंड्यासारखं लांबतं. घट्ट असेल तर भोक गोल, आणि नळी जिथे दाबून बसलेली असते तिथे आतल्या बाजूला चकचकीत कडं. तिथे पाणी शिरतच नाही, गंजणार कसं? क्लेम, मी पैज लावतो, घट्टच निघणार. तू आयुष्यात काही अर्धवट सोडलंयस का? उद्या मी स्वतः बघतो आणि तुझ्या डोक्यावरचं हे ओझं उतरवतो." नोरीनने काटा खाली ठेवला होता, तो पुन्हा उचललाच नाही.

नट अखेर किंचाळत फिरला. त्याने काही सिद्ध होत नव्हतं. इतक्या वर्षांच्या गंजाने सैल नटही तसाच धरला असता. बोल्ट मात्र आतल्या नळीशी एकजीव झाला होता.

"मी क्लबात जाऊन येतो. मित्रांनी बोलावलंय," विल्फ म्हणाला. "आलो की बघू."

तो गेला आणि क्लेमने करवत घेतली. बोल्ट बरोब्बर मधोमध कापायचा, म्हणजे दोन्हीकडच्या पत्र्यांना धक्का लागणार नाही आणि दोन्ही तुकडे आतल्या बाजूने निघतील. आधी पाटा कापून वेगळा केला. मग रबर, मग नळी, मग बोल्ट. वर हात करून करवत ओढायची, तोंडावर लोखंडाचा भुसा पडायचा, खांदे भरून यायचे. एकाहत्तराव्या वर्षी हे काम करू नये, पण करणाराही दुसरा कोण होता?

नोरीन पेस्टी, खिमा-बटाट्याची भाजलेली करंजी, घेऊन आली. ताटली बाकावर ठेवली, पण गेली नाही. उलट्या बादलीवर बसली.

"निघाला?"

"थोडा राहिलाय."

"क्लेम, एक सांगू? काढूच नकोस. तसाच दे विल्फला, म्हणावं कापून टाक."

करवत थांबली. "का? तुला कळायला नको?"

"मला काय कळायचं ते मी कधीच धरून चाललेय. तू नट आवळायचा विसरलास. माणूस विसरतो. विसरलेल्या माणसाबरोबर मी राहिले, तुझे शर्ट धुतले, तुझ्यासाठी पेस्ट्या केल्या. ते जमतं, क्लेम. मी तुझ्यावर कधी दात धरलाय?"

"नाही."

"पण तो बोल्ट घट्ट निघाला तर?" तिचा आवाज खाली गेला. "सरळ रस्ता. लख्ख ऊन. डुलकी म्हणे. अरे, अकरा वाजेपर्यंत झोपला होता तो. त्या दिवशी जेवला आणि आपली ताटली धुऊन ठेवली त्याने. जन्मात कधी धुतली नव्हती. मी चेष्टासुद्धा केली, म्हटलं सूर्य पश्चिमेला उगवला. तो हसला आणि मला जवळ घेतलंन. घट्ट निघाला, तर मला ती दुपार पुन्हा पहिल्यापासून जगायला लागेल. माझ्यासमोर जेवत होता आणि मला दिसलं नाही? एवढी आंधळी होते मी?"

ती उठली, गुडघे धरत.

"मग कालच नको का म्हणाली नाहीस?" त्याने विचारलं.

"तुला कळायला हवंय ना. किती वर्षं झोपला नाहीस तू, मला काय दिसत नाही? गरम आहे तोवर खा." आणि ती घरात गेली.

पेस्टी तशीच राहिली. थोड्या वेळाने बोल्टचे दोन तुकडे झाले. क्लेमने पान्याच्या मुठीने हलकेच ठोकून ते एकेक करून सोडवले, चिंधीने पत्रा पुसला, आणि दिवा जवळ धरला.

भोक गोल होतं. भोवती चकचकीत कडं होतं, नळीच्या दातेरी कडेचे ठसे जसेच्या तसे. समोरच्या पत्र्यावरही तेच.

त्याने आवळला होता. फोन वाजण्याआधी, नीट, दोन्ही बाजूंनी.

गाडीखाली पडल्या पडल्या तो रडला. आधी सुटकेने रडला, मोठ्याने, लहान मुलासारखा. आणि रडता रडताच त्याच्यापुढे ब्रेट आला, ताटली धुणारा, आणि मग ते रडणं दुसरंच झालं. त्याला मुलाला हाक मारून विचारायचं होतं, काय होत होतं रे तुला? आम्ही शेजारच्याच खोलीत होतो की.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. विल्फ आला की दिवा घेऊन पहिला इथेच वाकणार होता आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडणार होता. क्लेम सरपटत बाहेर आला. खणातून गोल कानस काढली. पुन्हा आत गेला. चांगल्या कामाला त्याने जन्मात कधी कानस लावली नव्हती. आता त्याने ती भोकात घातली आणि घासायला लागला, पुढे-मागे, पुढे-मागे, दोन्ही बाजूंना. कडं गेलं. ठसे गेले. भोक लांबट झालं. मग त्याने जमिनीवरचा गंज बोटाने उचलून त्यावर चोळला.

विल्फ आला तेव्हा नोरीनही त्याच्या मागून शेडमध्ये आली. विल्फ वाकला, दिवा धरला, भोकात बोट घातलं. ते बाहेर काढलं तेव्हा गंजाच्या तांबड्या भुकटीत ताज्या लोखंडाचा पांढरा भुसा चमकत होता. त्याने बोटाकडे पाहिलं. मग क्लेमकडे पाहिलं. क्लेमने नजर काढून घेतली नाही.

"काय रे?" नोरीनने विचारलं. तिने दाराची चौकट धरली होती.

विल्फने बोट पँटला पुसलं.

"सैल होता, नोरीन," तो म्हणाला. "भोक पार खाल्लंय."

नोरीनने चौकट सोडली. ती क्लेमजवळ आली आणि त्याचा काळा, लोखंडाने भरलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"असू दे," ती म्हणाली. "मी कधी तुला काही म्हटलंय का?"

"नाही," क्लेम म्हणाला.