उपदेश घेतलेलं पोट्टं

मी वच्छला. अकोल्याच्या बाजारात मेथी-पालक विकते, अन् दुपारी गिऱ्हाईक थंडावलं का एका संस्थेची पिशवी घेऊन ब्राऊन शुगर टोचणाऱ्या पोट्ट्यांकडं जाते. वापरलेल्या सुया घेते, कोऱ्या देते. लोक म्हणतात, वच्छला पोट्टे बिघडवते. अरे बापा, एकच सुई चौघं फिरवत होते तवा तुमी कुठी होते? जितं राहिलं तं उद्या सुधरन, मेल्यावर कोण सुधरते?

माह्या बाजूले माणिकबाईचं फुलांचं दुकान. तिचं पोट्टं कुंदन माह्याच पिशवीतून सुया नेणारं. यंदा माय त्याले रिद्धपूरले घेऊन गेली. महिनाभर तिथंच राहिले, त्याले महानुभाव पंथाचा उपदेश देवविला, म्हणजे नशापाणी सोडायची शपथच. पोट्टं परत आलं ते गालावर मांस घेऊन. माणिकबाईनं अख्ख्या बाजारात पेढे वाटले अन् जो दिसन त्याले दंडवत म्हणू लागली. मलेही आनंद झाला, खोटं काहून बोलू? पण मले एक गोष्ट ठाऊक होती.

महिनाभर नशा सुटली का आंग कच्चं होते. मंग पहिले पचत होतं तेवढंच घेतलं तं माणूस जागीच जाते. हेच मी कुंदनले सांगाले गेली का चुकून घेतलंच तं थोडंसं घे, अन् एकटा घेऊ नको. माहं बोलणं पुरं व्हायच्या आधी माणिकबाई मधात उभी. देवाच्या दारून आलेल्या पोराले अपशकून करतं काय, म्हणे, तुह्या पोटात दुखते त्याचं चांगलं झालेलं. त्याच्या जुन्या दोस्तांसंगं मलेही बंदी केली. बाजारामागच्या खोलीत, जिथं फुलं ठेवतात, तिथं त्याले हार गुंफाले बसवलं. कोणी जायचं नाही, कोणी बोलायचं नाही. घ्या, पाडलं ना पोराले एकटं.

तवापासून माहं ध्यान भाजीत नव्हतं. मेथी मागणाराले पालक द्यायची अन् वरून त्याच्यावरच खेकसायची. त्या खोलीकडं उगाच चक्कर मारून यायची, बसायची, पुन्हा उठायची.

काल दुपारी खोलीचं दार आतून बंद. लग्नाचे हार न्याले आलेला माणूस बोंबलून राहिला होता. माणिकबाई म्हणे, झोपला असन, दमते बिचारा. मी दाराले कान लावला. आतून घरघर येत होती, मधातच थांबत होती. ते घोरणं नव्हतं, मी ओळखते. मी दाराले लाथ घातली. माणिकबाई माहा पदर ओढून राहिली, उपदेश घेतलेल्या पोराची बदनामी करतं म्हणून तोंडाले येईन ते बोलून राहिली. दुसऱ्या लाथेले कडी निघाली.

कुंदन झेंडूच्या ढिगावर आडवा पडला होता. ओठ निळे, सुई बाजूले. हार न्याले आलेल्याले मी दवाखान्याची गाडी बोलवाले सांगितलं. पिशवीत नशा उतरवायचं इंजेक्शन असते, ते त्याच्या मांडीत दिलं. मान मागं केली, नाक दाबलं, तोंडात फुंकत राहिली. मनातल्या मनात मी त्याच्या मायले शिव्या घालत होती. पोट्टं हालेना. दुसरं इंजेक्शन दिलं, पुन्हा फुंकत राहिली. मंग त्यानं विहिरीतून वर आलेल्या माणसावानी मोठा श्वास ओढला.

डोळे उघडले, माय दिसली, तसं त्यानं तोंड फिरवलं. चुकलो माय, आता कधीच नाही घेत, असं पुटपुटला. मले वाटलं, हे बाई आता त्याले पुन्हा शपथ घालते. मी भांडाले तयारच होती. पण तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं अन् केसातल्या पाकळ्या काढत बसली. मंग मले म्हणे, हे इंजेक्शन कसं देतात ते मलेही शिकव.

अन् पोराले म्हणाली, "कधीच नाही घेत म्हणू नको. घ्यायचंच झालं तं माह्यासमोर घे."