सदतीस शीटांवरची एकच चूक

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ड्रॉइंगच्या सरांनी सदतीस शीटांवर लाल पेन्सिलीने फुली मारली. वर्ग बासष्ट जणांचा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा. शीट सहावं आणि शेवटचं होतं.

आडव्या पडलेल्या षटकोनी पिरॅमिडची मागची, न दिसणारी कड तुटक रेषेने दाखवायची असते. सदतीस जणांनी ती अखंड काढली होती. त्याच जागी, त्याच कोनात.

"सदतीस जणांना एकाच वेळी पिरॅमिडच्या आरपार दिसायला लागलं?" सर म्हणाले. "वर्षभराचं टर्मवर्क नामंजूर. परीक्षेला बसायचं नाही. वर्ष गेलं."

सरांच्या टेबलाशी पाचवी जाऊन उभी राहिली ती एक मुलगी. होस्टेलवर तिला 'काटकोन' म्हणत.

"सर, ही चूक माझी आहे. बाकीच्यांनी माझं शीट छापलंय."

"वा! तुझ्याआधी चार जण हेच सांगून गेले. चुकीला एवढे वारसदार मी पहिल्यांदाच बघतोय."

"शीट खिडकीशी धरून बघा."

सरांनी नाखुशीनेच धरलं. षटकोन स्वतः बांधायचा तर कंपासचं टोक सात ठिकाणी टेकवावं लागतं. तिच्या कागदातून उजेडाचे सात ठिपके आले. काचेवर शीट ठेवून, खालून टेबललॅम्प लावून छापणाऱ्याला फक्त पट्टी लागते. सरांनी आणखी दहा-बारा शीटं धरून पाहिली. एकातही भोक नव्हतं.

"म्हणजे मूळ तुझं."

"हो सर."

"म्हणजे वाटलंस तू. देणारा आणि घेणारा, नियम एकच. कोणाकोणाला दिलंस, चार वाजेपर्यंत लिहून दे. मग तुझं बघू."

तिने दिलं होतं एकीलाच, रूममेटला, शनिवारी. रविवारी दुपारी ते मुलांच्या होस्टेलवर पोचलं. तिथे शीटं छापायला अभ्यासिकेच्या खिडकीची एक काच कायमची उतरवलेली असे.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मागच्या बाकावरून आवाज आला, "काय काटकोन, यादी पुरी छत्तीस जणांची, की ओळखीच्यांना सूट?" हशा पिकला. हसणारे बहुतेक त्या छत्तिसांतलेच होते.

रूममेट जवळ आली. "माझं नाव नको ना लिहूस. घरी कळलं तर माझं शिक्षणच बंद करतील."

"तू म्हणाली होतीस, फक्त मापं ताडून बघायचीत."

"अगं, तुला खरंच तसं वाटलं होतं?"

काटकोनने ताट उचललं आणि न जेवता धुवायच्या टपात ठेवलं. आपल्याला भोळी धरून चाललेत, हे तिला चुकीच्या रेषेपेक्षा जास्त झोंबलं होतं.

तिने बाबांना फोन लावला. बाबा कारखान्यात टर्नर होते. मागे लेथ यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"माफी मागून टाक, बाळा."

"कशाची, बाबा?"

"दिलंस ना शीट?"

"दिलं."

"मग तेवढ्याची माग. बाकीच्यांचं ओझं कशाला उचलतेस?"

"आणि सरांचं? बाबा, आधीची पाच शीटंही अशीच छापलेली होती. अख्ख्या वर्गाला माहितीय. पन्नास मिनिटांच्या तासात बासष्ट सह्या! शीटमागे मिनिटसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात बाहेरचे परीक्षक येणार, म्हणून आज यांना पिरॅमिड दिसला."

पलीकडे लेथ बंद झालं.

"हे लिहिलंस तर तो माणूस तुझ्यावर चार वर्षं डूख धरेल," बाबा म्हणाले.

"आणि नाही लिहिलं तर मी गप्प बसायला शिकेन. तेवढंच शिकून घरी येऊ?"

बाबांनी लेथ पुन्हा सुरू केलं. मग म्हणाले, "अक्षर नीट काढ."

तिने पत्र सरांना दिलं नाही. तीन पन्नासला विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये नेलं. आठ ओळी होत्या. शीट मी दिलं, एका व्यक्तीला दिलं, ती चूक मला मान्य आहे. नाव विचारायचं असेल तर समोरासमोर विचारा, मी खोटं बोलणार नाही. मात्र त्याआधी कपाटातली पहिली पाच शीटं काढा, सगळ्यांची, आणि त्यांवर सह्या कोणाच्या आहेत तेही पाहा.

विभागप्रमुखांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"हे मागे घेतेस का? तुझ्या एकटीचं टर्मवर्क मी आज मंजूर करून घेतो. बाकीचं आम्ही बघू."

"बाकीचं म्हणजे काय बघाल, सर?"

"उलट विचारू नकोस."

"मग पोच द्या, सर. पत्र मिळाल्याची."

त्यांनी पत्र फाइलखाली सरकवलं आणि तिला बाहेर जायला सांगितलं.

संध्याकाळी सहापर्यंत पोच मिळालेली नव्हती. रूममेटने गादी उचलून शेजारच्या खोलीत नेली होती. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी गुरुवारी लागणार आहे. यादी टाइप करायला गेली आहे. तिच्यात नावं किती, हे कार्यालयातलं कोणी सांगत नाही.