पाठकण्यावरचा भोवरा

“वासरू उभं राहिलं की आधी त्याच्या पाठीवरून हात फिरव, मग धार काढ.” हे माझ्या सासूबाईंचं, वच्छलाबाईंचं सांगणं. त्या जाऊन बरीच वर्षं झाली, पण आमची चंद्री गाय व्याली त्या सकाळी हात आपोआप फिरला. वशिंडाच्या मागं, पाठकण्यावर केसांचा भोवरा लागला.

आमच्याकडं तिथला भोवरा धन्याच्या जिवावर उठतो असं मानतात. सासरे वारले त्या साली दावणीला असाच गोऱ्हा होता. आमच्या मालकांनी, भागवतरावांनी, भोवरा बघितला आणि राणीसावरगावच्या गुरांच्या व्यापाऱ्याला फोनच लावला. वासरू द्यायचं, म्हणजे त्याच्यासोबत गायही जाणार.

चंद्रीला घास दिल्याशिवाय मी जेवत नाही, हा माझा नेम. सोमवारचा उपास मात्र यांच्या आयुष्यासाठी धरते. त्यामुळं ‘ठेवा’ म्हणायला जीभ उचलेना.

लेक ज्ञानेश्वरी परभणीला गणितात एम.एस्सी. करते, सुट्टीला आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“माय, नारळ दे.”

“देवापुढचा हाय गं.”

“फोडत न्हाई, दाखवायला पायजे.”

ओसरीवर बसून ती नारळाच्या किशी, वरचे काथ्याचे धागे, बोटानं विंचरायला लागली.

“अण्णा, हे बघा. सगळ्या किशी अंगाला चिकटून निजवायच्या. एक बी उभी ऱ्हायली न्हाई पायजे.”

“परभणीत न्हाव्याचं काम शिकवायलेत का?” हे म्हणाले. पण नारळ घेतला. एका बाजूनं नीट बसवलं की दुसऱ्या बाजूला किशी गोळा व्हायच्या, नाहीतर गरकन वळायच्या.

“न्हाई जमायचं,” ती म्हणाली. “गोल वस्तूवर सगळीकडं केस निजवले की कुठंतरी वळण पडतंच. गणितात हे सिद्ध झालंय. जनावर काय चेंडू न्हाई, त्याला कान हायेत, शेपूट हाय. पण भोवरे येतात ते ह्याच्यामुळंच. आईच्या पोटात कातडी जशी ताणती तशी त्यांची जागा ठरती.”

मग तिनं आम्हाला गोठ्यात नेलं. चंद्रीच्या कपाळावर भोवरा. एका बैलाच्या छातीवर, दुसऱ्याच्या मानेवर. बिनभोवऱ्याचं एकही जनावर निघालं नाही.

यांनी वासराच्या पाठीवरचा भोवरा बोटानं चाचपला. मग म्हणाले, “मंग माह्या बापाचं काय?”

ज्ञानेश्वरीनं मान खाली घातली. “त्याचं गणित माह्याकडं न्हाई, अण्णा.”

यांनी माझ्याकडं बघितलं. “तू सांग. तू ठेव म्हणलीस तर ठेवतो.”

उद्या यांचं काही बरंवाईट झालं तर गाव मलाच बोलणार, आणि माझंही मन मला सोडणार नाही. वासरू आईला ढुशी देऊन प्यायलं होतं. देवानं त्याला अंगभर केस दिले, तर भोवराही त्यानंच दिला असणार. चुकीच्या जागी दिला, हे ठरवणारी मी कोण?

“ठेवा,” मी म्हणाले.

हे म्हणाले, “व्यापाऱ्याला शब्द दिलाय. तो फोनवर मोडायचा न्हाई. सकाळी जाऊन तोंडानं सांगून येतो.”

“नक्की ना, अण्णा?”

“म्हणलं ना.”

पूजा होईस्तोवर मी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी गंध उगाळत होते तेव्हा हे उठले. माझं मौन मोडू नये म्हणून चहा मागितला नाही. टोपी झटकून डोक्यावर ठेवली, गोठ्याकडं एकदा बघितलं आणि दार हळूच ओढून राणीसावरगावच्या वाटेला लागले.