एक हात बाकी

माझ्या दोन्ही दिव्यांची शपथ, पोरांनो, आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी चारही चाकं इथल्या इथं बसोत! मागाहून कुणी म्हणायचं नाही की म्हातारी थापा मारते.

तर मित्रांनो, मी एक जुनी शववाहिका आहे. दचकू नका, मी चावत नाही. माणूस गेला की त्याला घरून शेवटच्या मुक्कामी पोचवायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यात आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. एकच पत्रा, एकच इंजिन, सख्ख्या बहिणीच म्हणा ना. तिला पांढरा रंग लागला, पोटात फळ्या बसल्या आणि ती पावाची गाडी झाली. ती गल्लीत शिरली की पोरं धावत पुढं यायची. मला काळा रंग लागला. मी गल्लीत शिरले की आया पोरांना आत ओढायच्या आणि दार लावून घ्यायच्या. नशीब कपाळावर लिहिलेलं असतं म्हणतात. आमचं रंगाच्या डब्यात होतं.

पण माझ्या गिऱ्हाइकांची कधी तक्रार आली नाही हो. खोटं कशाला बोलू, एकदा आली. एका चढावर मोठा खड्डा लागला, आणि मागं झोपवलेले आजोबा फुलांसकट ताडकन उठून बसले. "अरे गाढवा," माझ्या ड्रायव्हरवर ओरडले, "खड्डा बघून चालव की! मारशील एखाद्याला!" आम्ही गाडी वळवली आणि त्यांना घरी सोडून आलो. जेवणाच्या वेळेला पोचले. घरच्यांनी रडणं थांबवून आधी ताट वाढलं. त्या दिवसापासून माझा ड्रायव्हर कामापुरतंच बोलतो.

हसताय? हसा. शपथ घातली आहे मी.

वर्षं गेली. काळ्यासारखा चहाडखोर रंग दुसरा नाही. पांढऱ्या गाडीचे शंभर गुन्हे पोटात राहतात, काळीवर बोट लागलं तरी गावभर होतं. ड्रायव्हर कोरड्या फडक्यानं धूळ पुसायचा, आणि धुळीतले खडे माझ्या अंगावर रेघा ओढायचे. उन्हात बघितलं तर अंगभर कोळ्याची जाळी. एकदा एक लेक वडिलांना न्यायला आली होती. तिनं माझ्या दारावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "जन्मभर कडक इस्त्रीचे कपडे घातले बाबांनी. आणि न्यायचं ह्या असल्या गाडीतून?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्याच आठवड्यात, ज्यांची मी गाडी, त्या कचेरीनं मला आरसेवाल्याकडे पाठवलं.

त्याला सगळे आरसेवालाच म्हणायचे, कारण त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीत माणसानं भांग पाडावा. खाली पत्र्याच्या छपराची कार्यशाळा, वर दोन खोल्या. वरच्या एका खिडकीतून खालचं अंगण दिसायचं, आणि त्या खिडकीत त्याची बायको बसलेली असायची.

आधी त्यानं मला आंघोळ घातली. दोन बादल्या. एकीत साबण, दुसरीत फडकं खळबळून घ्यायला, म्हणजे निघालेली घाण परत अंगावर येत नाही. मग पंजावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून माझ्यावरून हात फिरवला. नुसत्या हाताला कळत नाही ते बारीक खडबडीतपण पिशवीतून कळतं. मग मऊ मातीच्या गोळ्यानं तो एकेक कण ओढून काढला. कडांना पट्ट्या चिकटवल्या, कारण कडेला रंग पातळ असतो, तिथं घासायचं मशीन लागलं की पत्राच वर यायचा. एवढी माया मला जन्मात कुणी लावली नव्हती. पण या माणसाला एक खोड होती. काम कधी 'झालं' म्हणायचाच नाही. कुणीही विचारो, उत्तर ठरलेलं. "एक हात बाकी आहे."

"लग्नातसुद्धा उशिरा आले," बायको वरून सांगायची. "सगळे पाहुणे ताटकळत, आणि हे घरी. का, तर बुटाला एक हात बाकी!"

"पण बूट कसे दिसत होते?"

"बुटाशी लग्न करायचं होतं का मला?"

बाई तोंडाची तिखट. पण हसता हसता पोट दाबून धरायची, ते मला खालून दिसायचं. डॉक्टर येऊन गेले. जाताना जिन्यात म्हणाले, "आता पथ्य नको. त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या." आरसेवाला तिथंच कठड्याला धरून उभा राहिला. वरून तिचा आवाज आला, "ऐकलं हो मी! पथ्य सुटलं म्हणजे मी सुटले."

मग एके सकाळी तिनं खिडकीतून हाक मारली.

"अहो."

"हं."

"मला गाडीतून फेरी मारायची आहे. पुलापर्यंत."

"आपल्याकडे कुठली आली गाडी?"

"ही काय, खाली उभी आहे."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "अगं, ती कसली गाडी आहे, कळतंय का?"

"न कळायला काय झालं? शेवटी तिच्यातच घालणार आहात ना मला? मग आत्ता बसवा. तेव्हा खिडकीतून काय दिसणार आहे?"

तिची नणंद तिच्या सेवेला येऊन राहिली होती. ती मागून ओरडली, "वहिनी, काहीतरी अभद्र बोलू नका!"

"मी कुठं बोलले, वन्स? डॉक्टर बोलले. मी नुसती गाडी मागितली."

आरसेवाल्यानं फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं. मग म्हणाला, "नेतो. पण अशी नाही नेणार. जगाच्या गाड्यांचे आरसे केले, आणि तुला या जाळ्यांतून नेऊ? आधी हिला नीट करतो."

"करा. पण लवकर करा. मला वेळ आहे, फार नाही."

मग तो माझ्यामागं हात धुऊन लागला. टप, बॉनेट, उजवी बाजू. मशीन फिरायचं, तो थांबायचा, दिवा तिरपा धरून बघायचा, परत फिरवायचा. रोज सकाळी ती तयार होऊन, निळी शाल पांघरून खिडकीत बसायची.

"झालं का हो?"

"एक हात बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी परत तेच. असे आठवडे गेले. शाल तीच होती, पण आधी जेमतेम पुरायची ती आता अंगाभोवती दोनदा गुंडाळली जायची.

"एवढं काय घासताय?" तिनं एकदा विचारलं. "लावायचं काहीतरी वरून, आणि झालं."

"चमक वरून लावत नाहीत गं. वरचा खराब झालेला थर काढतात. दर हाताला रंग थोडा थोडा कमी होतो, तेव्हा चमक येते."

"असं होय?" ती म्हणाली. "मग मी पण चमकायलाच लागले म्हणायचं."

तो हसला नाही. खाली वाकून डाव्या दाराकडे वळला. त्या दारावर एक खोल ओरखडा होता, कुठल्याशा लोखंडी फाटकाचा. तेवढंच राहिलं होतं. बाकी मी अशी झाले होते की माझ्यात आकाश दिसायचं. पण तो ओरखडा काही जाईना, आणि आरसेवाला काही त्याला सोडेना.

मग तो दिवस आला. सकाळी हाक आली नाही. त्यानं वर बघितलं, तर खिडकी रिकामी! फडकं टाकून तो जिन्याकडे धावला. बघतो तर ती शेवटच्या पायरीवर बसलेली, शाल घट्ट धरून, धापा टाकत. एकटी उतरून आली होती.

"अगं, डावं दार अजून..."

"कळलं. एक हात बाकी आहे. तो बाकीचा हात इकडं द्या, मला गाडीत चढायचं आहे."

आणि त्यानं दिला! डावं दार तसंच मळकं राहिलं. मी तयार झाले का ते बघायला आलेल्या ड्रायव्हरनं मला चालू केलं आणि आम्ही निघालो. ती मधे, नवरा खिडकीशी. काय सांगू तुम्हाला! मला बघून माणसं रस्त्याच्या कडेला थांबली. टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. आणि बाईनं काय करावं? नवऱ्याच्या अंगावरून खिडकीबाहेर हात काढून सगळ्यांना टाटा केला! एक सायकलवाला सरळ भाजीच्या ढिगात शिरला. एक बाई किंचाळून परत घरात पळाली. माझा ड्रायव्हर, आजोबांनंतर पहिल्यांदा, खो खो हसला. पुलावर आम्ही थांबलो. खाली पाणी चमकत होतं. तिनं सीटवर दोनदा हात मारून बघितलं आणि म्हणाली, "पुढची सीट छान आहे हो. मागची बघायची मला घाई नाही."

थोड्याच दिवसांत मागची सीटही तिला मिळाली. तोच रस्ता. माणसं तशीच थांबली, टोप्या काढल्या. टाटा कुणी केला नाही. आरसेवाला मागं तिच्याजवळ बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. त्या हातांना काय करायचं ते कळत नव्हतं.

पुढं कचेरीनं नवी गाडी घेतली. कार्यशाळेला कुलूप लागलं. तिला पोचवून इथं परत आले, त्यानंतर मला कुणी न्यायला आलं नाही, म्हणून मी इथंच कार्यशाळेच्या मागच्या बाजूला झाडाखाली उभी आहे. टपावर पाखरं घाण करतात, बॉनेट पांढरं पडलं आहे. मेलेल्यांना पोचवणाऱ्या गाडीला पोचवायला कुणी नसतं.

म्हणून मित्रांनो, म्हातारीचं एवढं ऐका. गाडी धुवा, पुसा, जपा. दोन बादल्या घ्या आणि कोरडं फडकं लावू नका. पण घरातलं कुणी म्हणालं, 'मला एक फेरी मारून आणा', तर गाडी असेल तशी काढा. मळकी असली तरी काढा. चमक थांबते. माणूस थांबत नाही.

आता जा घरी. काय? चाकं? कुणी रे तो वाकून बघणारा?

बरं. बसली आहेत चाकं. चारही.

तुम्हाला वाटलं असेल, आजोबा उठून बसले ते खोटं. नाही, ते खरंच उठले होते, ड्रायव्हरला विचारा. खोटी आहे ती फेरी. ती मी जोडली.

त्या सकाळी हाक आली नाही हे खरं. पण खिडकी रिकामी नव्हती. ती तिथंच होती, निळी शाल पांघरून, डोकं काचेला टेकलेलं. त्यानं एकदा वर बघितलं, त्याला वाटलं, आज कधी नव्हे ती गप्प बसून बघते आहे. म्हणून तो आणखी मन लावून घासत राहिला. दुपारपर्यंत ओरखडा गेला. दिवा तिरपा धरून त्यानं बघितलं, दोन पावलं मागं सरला आणि जन्मात पहिल्यांदा ते म्हणाला. मोठ्यानं, वर तोंड करून.

"झालं गं!"

डावं दार मळकं राहिलं म्हणाले ना मी? या इकडं, बघा. सगळ्या अंगात तेवढंच चकाकतं. तो अजूनही रोज येतो आणि तिथं हात फिरवतो. रंग कधीच संपला, आता नुसता पत्रा आहे.

मी विचारत नाही, पण तो आपणहून सांगतो. "एक हात बाकी आहे."