टॅमरबाईने फाटक धरले तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पूल आहे. सेव्हर्न नदीच्या खोल दरीत दोन्ही काठ धरून उभा आहे. माझा जन्म भट्टीतला. लोखंडाचा एवढा मोठा पूल आधी कुणी बांधलाच नव्हता, म्हणून कारागिरांनी माझे भाग सुतारासारखे खाचा पाडून जोडले. एका महापुरात नदीवरचे दगडी पूल कोसळले, मी मात्र टिकलो. तेव्हा माझे फार कौतुक झाले.

पुढे देशाची वर्षानुवर्षे चाललेली लढाई संपली. तोफा कुणाला नकोशा झाल्या, लोखंडाचा भाव पडला आणि खाणीतल्या माणसांची मजुरी कापली गेली. चिडलेल्या खाणकामगारांनी भट्ट्यांना हवा पुरवणाऱ्या वाफेच्या यंत्रांच्या बॉयलरची बुचे उपटून भट्ट्या विझवल्या. त्याच दुपारी घोडेस्वार शिपाई आले आणि त्यांनी टेकडीवर जमलेल्या घोळक्यावर गोळ्या झाडल्या. माणसे माझ्याकडे धावत सुटली.

माझ्या एका टोकाच्या फाटकावर टॅमर बॅग्ली ही विधवा माझ्या मालकांसाठी पथकर घेत असे. धावणाऱ्यांत सर्वांत पुढे एनॉक हा खाणकामगार होता. त्याच्या खांद्यावर धाकटा भाऊ होता, पोटात गोळी लागलेला.

“टॅमरबाई, उघडा! मागं घोडे लागलेत!”

“मग बोलत काय बसलास, मेल्या? पळ!”

चाळीसएक माणसे तिने फुकट सोडली. मग फाटक लोटले, अडसर घातला.

“ए बाई, फाटक उघड!” कप्तान गरजला.

“आधी कर भरा, साहेब. माणसाचा वेगळा, घोड्याचा वेगळा.”

“आम्ही राजाचे शिपाई आहोत!”

“असाल की. पण ही कराची पाटी वाचा. शिपायाला सूट नाही म्हणून तुमच्यासारख्या साहेबांनीच लिहून ठेवलंय.”

कप्तानाने तलवार उगारली आणि अडसरावरच्या तिच्या हातावर मारली. दोन बोटे माझ्या अंगावर पडली. टॅमर किंचाळली, पण दुसरा हात तिने गजांत अडकवून ठेवला. शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यांनी त्या हाताचा कोपर मोडला, तेव्हा कुठे फाटक उघडले. तोवर माणसे रानात पांगली होती.

एनॉकचा भाऊ त्याच रानात दगावला. टॅमरला माझ्या मालकांनी कामावरून काढले. चाळीस जणांचा कर बुडवला, हा तिचा गुन्हा. पण तिच्या घरात चूल कधी विझली नाही. ती जिवंत असेपर्यंत एनॉक दर शनिवारी कोळशाची पाटी पाठीवर घेऊन माझ्यावरून तिच्याकडे जाई. माझ्याकडे त्याने एकदाही मान वर करून पाहिले नाही.

आता भट्ट्या थंड आहेत. मला गंज चढला, तडे गेले. कितीतरी वर्षे कुणी फिरकले नाही. मित्रांनो, मला रंग द्या, माझे तडे सांधा, मला अजून उभे राहायचे आहे. पण माझ्यासारख्यांसाठी लोखंड-कोळसा खणणाऱ्यांच्या पोटावर मालकांनी पाय दिला, म्हणून माझ्यावर रक्त सांडले. तुमच्या गावात तसे होऊ देऊ नका. नदीने मला कधी त्या दिवसाएवढे हादरवले नव्हते.